‘एवढंसंच तर बदललंय’: टेस्टरला बदल कसा कळवायचा

नोव्हेंबरातली रात्र, साडेअकरा वाजलेले. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काटा केबिनमधून फोन आला. ऑपरेटर म्हणाला, "ताई, बैलगाडीवाल्याच्या हातात अकरा टनांची पावती पडलीय. काय करायचं?"

बैलगाडीत दोन-अडीच टन ऊस बसतो, लई झालं तर तीन. उसाच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या चिटबॉयनं पावती हातात घेतली आणि आकडा बघूनच ओळखलं. तोवर नऊ पावत्या चुकीच्या निघाल्या होत्या. काटा थांबवला होता आणि ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती.

मी लातूरला औसा रोडवरच्या एका लहान कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी तपासते. आम्ही कारखान्यांसाठी ऊसनोंद, तोडणी-वाहतूक, काटा आणि शेतकऱ्याचं बिल, हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर करतो. ते व्हर्जन त्याच दिवशी दुपारी मीच तपासून ओके दिलं होतं. मला सांगितलं होतं एवढंच, की गट नंबर आता ‘११२/२/अ’ असाही टाकता येतो. ते मी नीट तपासलं, चालत होतं. त्याच बिल्डमध्ये (तपासायला तयार करून दिलेल्या व्हर्जनमध्ये) आणखी एक बदल होता, तो मला माहीतच नव्हता. काट्याचा स्क्रीन उघडला की शेवटची खेप आपोआप समोर यायची, म्हणजे ऑपरेटरला गाडी नंबर परत टाकायला नको. मागणी ऑपरेटरचीच, फोनवरून आलेली, आणि रास्त होती. डेव्हलपरनं एका काट्यावर करून बघितलं, बरोबर चाललं. पण त्या कारखान्यात भरलेली गाडी एका काट्यावर तोलतात आणि रिकामी दुसऱ्या. बैलगाडी रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर आली, तेव्हा शेवटची खेप म्हणून समोर उघडली ती पहिल्या काट्यावर नुकत्याच तोललेल्या ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरच्या भरलेल्या वजनातून बैलगाडीचं रिकामं वजन वजा झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन काट्याच्या रजिस्टरवरून एकेक खेप जुळवली. दोघं शेतकरी केबिनबाहेर उभे होते. त्यांचं म्हणणं एकच: आमचं वजन आम्हाला बरोबर पाहिजे. वर्षभर उभं केलेलं पीक एका पावतीवर येतं, त्यांनी दुसरं काय म्हणावं?

मला त्या बदलाबद्दल एक वाक्य कुणी बोललं असतं, तर ‘दोन काट्यांचं काय?’ हा प्रश्न माझ्या तोंडून पहिल्या मिनिटात निघाला असता. त्यात माझी हुशारी काही नाही, तो माझ्या यादीतला रोजचा प्रश्न आहे. त्या हंगामापासून आम्ही बदल कळवायची पद्धत बसवत आणली. ती इथं लिहिते आहे. डेव्हलपर आणि टीम लीड यांच्यासाठी लिहिते आहे, कारण सांगायचं काम आधी त्यांच्याकडं येतं.

काम हातात घेतानाच सांगा

बहुतेक ठिकाणी टेस्टरला बदल कळतो तो बिल्डबरोबर. संध्याकाळी बिल्ड येतं, सकाळी कारखान्याला द्यायचं असतं. अशा वेळी टेस्टर फक्त बटणं दाबून बघू शकतो. विचार करायला वेळ उरत नाही, आणि आमचं खरं काम विचाराचंच आहे.

कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी दोन मिनिटं द्या. "बिलातला दर काढायचा भाग बदलायलोय, परवापर्यंत होईल," एवढं बोललात तरी चालेल. त्या दोन दिवसांत टेस्टर काय करतो, ते एका उदाहरणानं सांगते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात, खाली आलं तर तेवढेच कमी होतात. पण रिकव्हरी ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर कपात तिथंच थांबते आणि ३२९.०५ रुपये द्यावेच लागतात. आमच्या डेव्हलपरनं दराचा हिशोब नव्यानं लिहायला घेतला, तेव्हा मला आधी सांगितलं. मी नियम काढून वाचला आणि कागदावर आकडे मांडून ठेवले: १०.३५ ला ३५८.४६, १०.२५ ला ३५५, ९.६ ला ३३२.५१, ९.५ ला ३२९.०५, आणि ९.४ लाही ३२९.०५. बिल्ड आलं. पहिले चार आकडे बरोबर. ९.४ ला मात्र ३२५.५९ दाखवलं. सूत्र सरळ खाली चाललं होतं, थांबायची अट राहून गेली होती. क्विंटलला ३.४६ म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. चाळीस टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याचे १,३८४ रुपये गेले असते.

ही चूक सापडायला मला पाच मिनिटं लागली. पण ती पाच मिनिटं कुठं घालवायची, हे कळायला आधीचे दोन दिवस हाताशी होते म्हणून.

चार ओळी लिहा, त्यातली तिसरी आणि चौथी मन लावून

तोंडी सांगणं झालं की तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या संगणकावरच्या नोंदीत, चार ओळी लिहा. आमच्याकडं त्या अशा असतात. वर सांगितलेल्या काट्याच्या बदलाची नोंद, जशी तेव्हा असायला हवी होती तशी:

*काय बदललं: काटा स्क्रीन उघडला की शेवटची खेप आपोआप समोर येते. गाडी नंबर परत टाकावा लागत नाही.*
*कुणी मागितलं, कशासाठी: काटा ऑपरेटरनं फोनवर. रांगेच्या वेळी टायपिंग वाचावं म्हणून.*
*आणखी कुठं हात लागला: खेप शोधायचं फंक्शन. तेच रिकाम्या वजनाचा स्क्रीन आणि पावती परत छापायचा स्क्रीन, दोन्ही वापरतात.*
*काय बघितलेलं नाही: एकाच काट्यावर बघितलं. दोन काटे एकदम चालू असताना बघितलेलं नाही.*

पहिली ओळ वापरणाऱ्याच्या भाषेत पाहिजे. ‘गेट-लास्ट-ट्रिप मेथड रिफॅक्टर केली’ असं लिहिलं तर मला कळतं, पण त्यावरून केबिनमध्ये बसलेल्या माणसाला काय वेगळं दिसणार ते कळत नाही. स्क्रीनवर, पावतीवर, बिलावर काय वेगळं दिसेल ते लिहा. काहीच वेगळं दिसणार नसेल तर तसं लिहा. ‘बाहेरून काही बदल नाही, आतली मांडणी बदलली’ या वाक्यावर माझी तपासणीची अख्खी दिशा ठरते.

दुसऱ्या ओळीत माणूस आणि कारण, दोन्ही असू द्या. कारण कळलं की मागणी खरंच पुरी झाली का ते बघता येतं. टायपिंग वाचवायला केलेल्या बदलात उलट एक क्लिक वाढली असेल, तर कोड बरोबर असूनही काम चुकलेलं आहे.

तिसऱ्या ओळीला डेव्हलपर सगळ्यात जास्त कच खातात. "त्याचा काही संबंध नाही, कशाला लिहायचं?" असं वाटतं. संबंध आहे की नाही ते ठरवू नका, फक्त कुठं हात लागला ते लिहा. कोणती फाईल, कोणतं टेबल, कोणतं सामाईक फंक्शन. कोड आतून कसा जोडलेला आहे ते तुम्हाला माहीत असतं. कारखान्यात तो स्क्रीन कोण, कधी, कुठल्या घाईत वापरतो ते मला माहीत असतं, कारण तक्रारीचे फोन मी घेते. रात्रपाळीत एक ऑपरेटर दोन काटे सांभाळतो, लाईट गेली की अर्धी राहिलेली खेप तशीच पडून राहते, हार्वेस्टरनं तोडलेल्या उसाची पाचट कपात वेगळी धरतात. या गोष्टी कोडमध्ये कुठं लिहिलेल्या नसतात. तुमची माहिती आणि माझी माहिती एकमेकींना भिडली तरच चूक बाहेर पडते.

चौथी ओळ लिहायला धीर लागतो. ‘हे मी बघितलेलं नाही’ असं लिहून देणं पुष्कळांना कमीपणाचं वाटतं. टीम लीडनं इथं सांभाळून घ्यावं. ज्या दिवशी एखाद्या पोरानं प्रामाणिकपणे लिहिलं आणि मीटिंगमध्ये त्याला "मग बघितलं का नाहीस?" म्हणून झापलं, त्या दिवसापासून ती ओळ कोरी यायला लागते. आमच्याकडं एकदा तसं झालं. ओळ परत भरून यायला दोन महिने गेले.

हे लिहायची आठवण राहत नसेल तर यंत्राला ठेवू द्या. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, पुल रिक्वेस्ट (बदललेला कोड मूळ कोडमध्ये घ्यायची विनंती) टेम्प्लेटची सोय आहे. रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) एक फाईल ठेवली की प्रत्येक नवी पुल रिक्वेस्ट उघडताना तो मजकूर आपोआप समोर येतो. आम्ही त्यात हे चार प्रश्न मराठीत ठेवलेत. चारच ठेवा. आधी आम्ही बारा ठेवले होते, तेव्हा सगळ्यांची उत्तरं ‘लागू नाही’ अशी यायची.

फोनवर ठरलेलं

आपल्याकडं गिऱ्हाईक तिकीट टाकत नाही, फोन करतं. शेतकी अधिकारी ओळखीतल्या डेव्हलपरला थेट लावतो: "अरे भाऊ, तेवढं मुकादमाचं नाव पावतीवर मोठं कर की." डेव्हलपर चांगल्या मनानं करून टाकतो. असे बदल कुणाच्या यादीत नसतात, आणि हंगामात रोज दोन-चार तरी होतात.

फोन बंद करायची गरज नाही. त्या नात्यावरच आमचं काम चालतं. नियम एकच ठेवा: ज्यानं फोन घेतला त्यानं तिकीट उघडायचं, कोडला हात लावायच्या आधी. दोन ओळींचं चालेल. गाडीवर असाल तर टेस्टरला व्हॉइस मेसेज टाका, ती तिकीट उघडेल. असे कितीतरी मेसेज ऐकून मी स्वतः तिकिटं लिहिलीत. त्याचा मला त्रास वाटत नाही. न कळलेल्या बदलाचा वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सांगितलं म्हणजे कळवलं, असं मात्र धरू नका. तिथं बदलाची खबर, कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि डब्यासाठीची मोजदाद एकाखाली एक पडते. तीन आठवड्यांनी ‘हे कधी बदललं?’ म्हणून शोधायला गेलं की सापडत नाही. ग्रुपवर तिकिटाचा नंबर टाका, मजकूर तिकिटात ठेवा.

डोळ्याला न दिसणारे बदल

स्क्रीन बदलला तर उशिरा का होईना, टेस्टरला दिसतो. न दिसणारे बदल जास्त घात करतात. कॉन्फिगरेशनमधला एक आकडा, डेटाबेसमधला नवा कॉलम, लायब्ररीचं (आयत्या घेतलेल्या कोडचं) नवं व्हर्जन, रात्री चालणाऱ्या जॉबची बदललेली वेळ, सर्व्हरवर थेट चालवलेली अपडेट क्वेरी. ‘कोड बदलला नाही, मग टेस्टरला काय सांगायचं?’ असं याबाबतीत हमखास वाटतं.

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअरचे व्यवहार करणाऱ्या कंपनीनं नवा कोड चढवला. आठ सर्व्हरपैकी सातांवर तो गेला, आठव्यावर राहून गेला. नव्या कामासाठी त्यांनी जो फ्लॅग (एखादं काम चालू-बंद करायची खूण) घेतला होता, तोच पूर्वी एका बंद केलेल्या जुन्या कोडसाठी वापरात होता. फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

आमच्याकडं याच जातीची गोष्ट घडता घडता राहिली. हार्वेस्टरचा ऊस ओळखायला डेव्हलपरनं खेपेच्या टेबलमधला एक रिकामा पडलेला कॉलम वापरला. नवा कॉलम वाढवायचं काम वाचलं. पण नोंदीच्या तिसऱ्या ओळीत त्यानं कॉलमचं नाव लिहिलं होतं. ते वाचून मला आठवलं, की ऊसतोड टोळीच्या उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) एक जुना अहवाल त्या कॉलमवर चालतो. अहवाल वर्षातून एकदाच निघतो, हंगाम संपताना, मुकादमांचा हिशोब करताना. मार्च-एप्रिलपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं आणि तोवर हजारो खेपा पडल्या असत्या. बीड-पाटोद्याकडून आलेली माणसं गावाकडं परतताना हिशोबाला बसली असती आणि उचल जुळली नसती.

तेव्हा जुनी जागा नव्या कामाला वापरत असाल तर ते मोठ्यानं सांगा. लायब्ररी बदलली असेल तर जुनं आणि नवं, दोन्ही व्हर्जन लिहा. सर्व्हरवर थेट क्वेरी चालवली असेल तर ती जशीच्या तशी तिकिटात चिकटवा.

बिल्ड नंबर

यावर फार लिहायला नको. स्क्रीनच्या कोपऱ्यात बिल्डचा नंबर आणि तारीख छापा. टेस्टिंगच्या मशीनवर नवं बिल्ड चढवण्याआधी तिथं कोण काम करतंय ते विचारा. "कुठल्या बिल्डवर बघायलीस?" या प्रश्नात आमचे तास गेलेत, आणि नंबर छापायला अर्धा तास लागला.

‘दुरुस्त केलं’ एवढं पुरत नाही

बग दुरुस्त करणं हाही बदलच आहे, हे पुष्कळदा विसरतं. तिकीट ‘फिक्स्ड’ करून परत येतं, आत काहीच लिहिलेलं नसतं. मी तीच पायरी परत करून बघते, चूक दिसत नाही, तिकीट बंद होतं. पण चूक कशामुळं होती? एका जागी होती का चार? दोनच शब्द जास्त लिहा. ‘राउंडिंग चुकीचं होतं, फक्त वाहतूक बिलात दुरुस्त केलं’ असं वाचलं की मी लगेच तोडणीचं बिल उघडते, कारण दोन्हीकडं तीच पद्धत असते.

तपासणी चालू असताना मध्येच काही बदलायचं ठरलं तर आधी टेस्टरला थांबवा. आणि बदल रद्द झाला तर तेही कळवा. मागं घेतलेल्या बदलासाठी मी एकदा दीड दिवस डेटा तयार करत बसले होते.

टेस्टरनं काय करायचं

सांगणं एकतर्फी चाललं तर आटतं. डेव्हलपरनं चार ओळी लिहिल्या आणि पलीकडून काहीच आलं नाही, तर पाचव्या वेळी तो लिहिणार नाही. मी त्याच तिकिटात त्याच दिवशी उत्तर लिहिते: काय बघणार, काय बघणार नाही, आणि कुठला प्रश्न अडलाय. ‘दोन काट्यांवर बघते. प्रिंटरचं बघणार नाही, आपल्याकडं तो प्रिंटर नाही.’ त्यानं समोरच्याला कळतं की वाचलंय, आणि राहिलेलं कुणीतरी दुसरं उचलू शकतं.

शिवाय फक्त सांगण्यावर विसंबू नका. गिट, म्हणजे कोडच्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन, शिका. मागचं पाठवलेलं बिल्ड आणि आजचं बिल्ड यांत कुठल्या फायली बदलल्या ही यादी गिट डिफ एका कमांडमध्ये देतं. कोड समजला नाही तरी चालतं, फायलींची नावं वाचा. नोंदीत गट नंबराचा बदल लिहिलाय आणि यादीत काट्याची फाईल दिसतेय, तर उठून डेव्हलपरच्या टेबलाजवळ जा आणि विचारा. त्या नोव्हेंबरात मला हे येत नव्हतं. आता प्रत्येक बिल्डला सगळ्यात आधी मी हेच करते. विचारताना आवाजात पोलीस नको. "हे पण बदललंय का रे?" एवढंच.

आमच्याकडं सगळी मंडळी एका खोलीत आहेत, त्यामुळं बरंच काही कानावर पडतं. पण येळवस आली की खोली रिकामी होते. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला घरात कुणी थांबत नाही, सगळे शेतात. ते दिवस ऐन गाळपाचे असतात, कारखाना काही थांबत नाही. मागच्या येळवशीच्या आदल्या दिवशी पावतीचा मजकूर बदललेलं बिल्ड देऊन आमचा डेव्हलपर संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं गेला. त्याच्या शेतात मोबाईलला रेंज नसते. तिकिटात चार ओळी होत्या. चौथी अशी: ‘लेझर प्रिंटरवर बघितलं. काट्यावरच्या डॉट मॅट्रिक्सवर बघितलेलं नाही.’

मी आंबील-भज्जीचं जेवण करून दुपारी शेतातून परतले. कारखान्याच्या ऑपरेटरला एक नमुना पावती छापून फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर निव्वळ वजनाचा शेवटचा आकडा चौकटीच्या बाहेर जाऊन कापला गेला होता. तीच प्रत शेतकऱ्याला मिळते. मी फोटो तिकिटाला जोडला, ‘हे बिल्ड चढवू नका, जुनंच चालू द्या’ असं लिहिलं आणि ऑपरेटरलाही तसं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हलपर आला, तिकीट वाचलं, रकान्याची रुंदी दोन अक्षरांनी वाढवली आणि पहिल्या ओळीत ते लिहून बिल्ड माझ्याकडं परत दिलं.